स्वस्त झालेली तारली : ताटात, डब्यात की माडाच्या आळ्यात?



नारळी पौर्णिमा उलटते, होड्या पुन्हा दर्यात जातात आणि एखाद्या वर्षी भाद्रपद-आश्विनात किनाऱ्यावर तारलीची रासच्या रास येऊन पडते. रापण ओढता ओढता माणसांचे हात भरून येतात. सकाळी जो भाव असतो तो दुपारी निम्म्यावर येतो, आणि उन्हं कलली की "न्या हो, काय द्यायचं ते द्या" अशी पाळी येते. मग टेम्पो भरून ही मासळी आतल्या गावांत येते. घरात चार दिवस कालवण होतं, आणि पाचव्या दिवशी आपल्यापैकी कोणाच्या तरी मनात येतं, एवढी स्वस्त मिळतेय तर माडाच्या आळ्यातच का घालू नये?

आज बोलायचं आहे ते याच प्रश्नावर. ही बारकी मासळी खावी कशी, साठवावी कशी आणि खताला घालायची तर कोणती घालावी? हा प्रश्न कोळीबांधवांचा आहे तेवढाच आपला, शेतकऱ्यांचाही आहे. तो का, ते पुढे सांगतो.

तारली म्हणजे कोणती?

कुठे हिला तारली म्हणतात, कुठे तारले, कुठे पेडवे किंवा पडवे. काही गावांत मोठ्या जातीला तारले आणि बारक्या जातीला पेडवे असा भेदही करतात. निळसर-हिरवी पाठ, रुप्यासारखं चकचकीत पोट, सहज निघणारे खवले आणि अंगात भरपूर तेल, ही तिची ओळख. पुरी वाढलेली तारली साधारण एक वीत, म्हणजे वीस-बावीस सेंटीमीटर भरते. आयुष्य फार तर अडीच-तीन वर्षांचं. याच कुळातल्या काही बोटभर जाती खाडीच्या तोंडाशी आणि खाडीच्या आतही येतात.

केरळपासून कर्नाटक, गोवा आणि आपल्या दक्षिण कोकणापर्यंत हा तारलीचा मुख्य पट्टा. तिचं सगळं गणित पावसाळ्यावर बांधलेलं आहे. आपण नांगरट करतो तेव्हा खालची माती वर येते, नाही का? समुद्रातही तसंच होतं. नैऋत्येचे वारे सुटले की किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाजूला ढकललं जातं आणि खोलवरचं थंड, कसदार पाणी वर येतं. त्या कसावर डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळवर्गीय वनस्पती वाढतात. हे समुद्रातलं गवतच म्हणा. तारली या गवतावर आणि त्यावर जगणाऱ्या सूक्ष्म जिवांवर पोसते. तिची वीणही मुख्यतः जून ते सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे आपली लावणी-बेणणी चालते त्याच दिवसांत होते. पाऊस, वारा, थंड पाणी हे सारं वेळेवर जुळलं तर पीक उदंड, नाही जुळलं तर दुष्काळ. अगदी आपल्या भातासारखं.

हा दुष्काळ केवढा पडू शकतो ते केरळचे आकडे सांगतात. २०१२ साली तिथे जवळजवळ चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ साली मिळाली अवघी ३,२९७ टन. चार लाखांवरून तीन हजारांवर! समुद्राच्या तापमानातला बदल, एल निनो, अशी कारणं संशोधकांनी सांगितली. त्याचबरोबर वाढ पुरी न झालेली पिल्लं उपसण्याबद्दलही इशारा दिला. हवामान आपल्या हातात नाही. पिल्लांचं मात्र आहे.

तात्यांचा माड

आता एक पाहिलेली गोष्ट सांगतो. किनाऱ्यापासून दोन कोसांवर आमच्या ओळखीचे एक बागायतदार आहेत. सगळे त्यांना तात्या म्हणतात. एका वर्षी त्यांनी पडेल भावात टेम्पोभर तारली घेतली आणि पन्नास माडांच्या आळ्यांत ताजीच्या ताजी ओतून वर चार बोटं माती ओढली. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर वाडीत उभं राहवेना. रात्री कुत्री आणि कोल्हे येऊन आळी उकरून गेले होते. माडाची मुळं उघडी पडलेली, माश्यांचे थवे घोंगावताहेत आणि शेजारणीची बोलणी चाललेली.

मी म्हटलं, "तात्या, हे काय केलंत?"

"अरे बाबा, आमचे वाडवडील घालत आले. मासळीसारखं खत नाही माडाला."

तात्यांचं बोलणं खोटं नव्हतं. मासळीचं खत जोरकस असतं. वाळवून कुटलेल्या मासळीच्या खतात नत्र शेकडा ४ ते १०, स्फुरद शेकडा ३ ते ९ आणि पालाश मात्र शेकडा अर्ध्या-दीडच्या आतबाहेर असतं. मलबार किनाऱ्यावर गेल्या शतकाच्या सुरुवातीला तारली उकडून तेल काढण्याचे आणि उरलेल्या चोथ्याचं खत करण्याचे कारखाने निघाले होते. मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्याचे पहिले प्रमुख सर फ्रेडरिक निकल्सन यांनी ती रीत सुधारण्यासाठी मुद्दाम प्रयोग केले. तेव्हा रासायनिक खताचं पोतं गावोगाव मिळत नव्हतं. बर्फ नव्हता, रस्ते नव्हते. किनाऱ्यावर कुजून जाणाऱ्या मासळीचं खत करणं हाच त्या काळचा शहाणपणा होता.

पण आज हिशेब काय सांगतो? चला, मी आणि तात्यांनी बांधावर बसून मांडला तो हिशेब तुम्हीही मांडा.

हिशेब

ताज्या मासळीत शंभरातले सत्तर-पंचाहत्तर भाग पाणीच असतं. नत्र शेकडा सुमारे ३. म्हणजे १०० किलो ताजी तारली आळ्यात घातली तर जमिनीला मिळालं ३ किलो नत्र. तेवढंच नत्र साडेसहा किलो युरियातून मिळतं. ४५ किलो युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना धरली, तर साडेसहा किलोचे झाले चाळीस रुपयांच्या आत. स्फुरदाचे आणि चुन्याचे आणखी थोडे पैसे मिळवा. तरीसुद्धा १०० किलो मासळीची खत म्हणून किंमत किती किरकोळ ठरते बघा! तेवढ्या पैशात १०० किलो तारली पडत्या भावातही येत नाही. शिवाय माडाला ज्याची भूक सर्वांत मोठी, ते पालाश तर या खतात जवळजवळ नाहीच. म्हणजे मासळी घालूनही पोटॅश किंवा राख वेगळी घालावी लागणारच.

आता दुसरी बाजू. त्याच १०० किलो तारलीत अठरा-वीस किलो उत्तम प्रथिनं आहेत, डोक्याला आणि काळजाला हितकर असं तेल आहे, ड जीवनसत्त्व आहे. काटे मऊ शिजवून किंवा नीट चावून खाल्ले तर भरपूर चुना मिळतो. वाढत्या पोरांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना याहून स्वस्त पौष्टिक अन्न मिळणं कठीण. लहान आयुष्याची, बारकं खाणारी मासळी असल्यामुळे मोठ्या शिकारी माशांत साठतो तसा पारा हिच्यात फारसा साठत नाही.

तात्या हिशेब ऐकून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी पोरांच्या ताटातलं उचलून माडाला घातलं म्हणायचं."

बंधूंनो, गोष्ट एवढीच आहे. मासा माणसाला, आणि माशाचं उरलंसुरलं माडाला.

घेताना पारख

आतल्या गावात मासळी येईपर्यंत बराच वेळ जातो. तारलीचं पोट सर्वांत आधी बिघडतं, कारण ती खादाड. पोटातले पाचक रस तिचंच पोट फोडतात. म्हणून घेताना पोट बघा. शाबूत आणि टणक हवं. डोळे फुगीर, पारदर्शक हवेत. कल्ले उचलून बघा, लाल हवेत. अंग दाबलं तर खळगा राहता कामा नये.

एक धोका मुद्दाम सांगतो. तारली, बांगडा अशी मासळी काही तास उन्हात-उकाड्यात राहिली की तिच्यात एक प्रकारचं विष तयार होतं. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, उलट्या-जुलाब होतात. लोक म्हणतात, "मासळी बाधली." हे विष शिजवून, तळून किंवा खारवून जात नाही. तेव्हा शिळी वाटली तर तिखट-कोकम वाढवून खपवू नका, सरळ खताच्या खड्ड्यात टाका. असा त्रास झाला, आणि श्वास लागला किंवा भोवळ आली, तर दवाखाना गाठा.

घाऊक घेणार असाल तर बर्फ बरोबर न्या. एक भाग मासळीला एक भाग बर्फ, एक थर बर्फाचा, एक थर मासळीचा. टोपलीवर नुसतं ओलं गोणपाट टाकून भागत नाही.

खारवून सुकवण्याची रीत

आगोटीच्या बेगमीला आपण बोंबील, सुकट, सोडे भरतो. तारली तशी वर्षभर टिकत नाही. तिच्या अंगातलं तेल हवेने खवट होतं. पण नीट खारवली तर दोन-तीन महिने खुशाल पुरते. रीत अशी :

पहिलं, मासळी ताजी असतानाच काम सुरू करा. आता विकली जात नाही, उद्या खारवू, असं म्हणाल तर नासकी मासळीच खारवाल. डोकं आणि आतडी काढा, स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा, रक्त राहू देऊ नका.

दुसरं, चार किलो मासळीला एक किलो मीठ घ्या. मीठ कोरडं, स्वच्छ हवं. आदल्या वर्षीचं वापरलेलं मीठ पुन्हा वापरू नका. प्लॅस्टिकचं स्वच्छ पिंप किंवा चिनी मातीची बरणी घ्या, लोखंड किंवा तांब्याचं भांडं नको. खताचं किंवा औषधाचं पिंप कितीही धुतलं तरी चालणार नाही. तळाला मीठ, मग मासळी, मग मीठ, असे थर लावा. वर फळी ठेवून वजन ठेवा. एक रात्र आणि एक दिवस मुरू द्या. पाणी सुटेल, त्यात मासळी बुडालेली राहिली पाहिजे.

तिसरं, बाहेर काढून मिठाच्याच पाण्यात एकदा खळबळून घ्या आणि निथळू द्या.

चौथं, वाळूवर किंवा अंगणात पसरू नका. वाळूत पसरलेल्या मासळीत रेती जाते, कोंबड्या-कुत्री फिरतात, आणि खालची बाजू ओलीच राहते. कमरेएवढ्या उंचीची बांबूची माची बांधा, त्यावर जुनं जाळं ताणा आणि मासळी सुटी सुटी मांडा. वारा वरून आणि खालून खेळला की निम्मं काम वारा करतो. वर मच्छरदाणीचं कापड घाला म्हणजे माश्या बसणार नाहीत आणि अळ्या पडणार नाहीत. भर दुपारच्या कडक उन्हात तेल पाझरायला लागलं तर वर पातळ सावली धरा. दव पडायच्या आधी रोज संध्याकाळी आत घ्या. तीन-चार दिवसांत वजन साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतं. बोटात दाबली तर ओल लागू नये आणि वाकवली तर लवकर वाकू नये, की समजा झाली.

पाचवं, पूर्ण गार झाल्यावरच जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधा आणि डब्यात ठेवा. मधूनमधून उघडून बघा. गुलाबी चिकट डाग दिसले किंवा बुरशी आली, तर ती मासळी खाऊ नका.

आणि आता हात जोडून एक विनंती. सुक्या मासळीला किडे लागू नयेत म्हणून काही जण तिच्यावर पिकाचं कीटकनाशक मारतात किंवा भुकटी भुरभुरतात. हे करू नका, आणि कोणी केलेलं दिसलं तर घेऊ नका. हे औषध धुऊन जात नाही. पोराबाळांच्या पोटात जातं.

खत करायचं ते असं

घरात, बाजारात, सुकवणीच्या जागी डोकी, आतडी, खवले, नासकी मासळी उरतेच. ती मात्र सोन्यासारखी वापरा. ताजी थेट आळ्यात घालू नका, आधी कुजवा.

विहिरीपासून पन्नास फूट तरी दूर, पाणी तुंबणार नाही अशा उंच जागी तीन फूट खोल खड्डा घ्या. तळाला वीतभर पालापाचोळा किंवा भाताचा पेंढा घाला. मग एक पाटी मासळीची घाण, तीन पाट्या कोरडा पाला, थोडं शेण आणि माती, असे थर लावत जा. शेवटी वर वीतभर मातीचा थर द्या आणि काट्याकुट्या टाकून झाका म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. वास येऊ लागला तर कोरडा पाला कमी पडला असं समजा आणि आणखी घाला. महिन्याने एकदा उलथापालथ करा. साधारण तीन महिन्यांत मासळीचा वास जाऊन ओल्या मातीचा वास येतो, हात घातला तर गरम लागत नाही. मग खत तयार झालं.

हे खत माडाच्या बुंध्याला चिकटवून घालू नका. अन्न घेणारी मुळं बुंध्यापासून पाच-सहा फुटांच्या घेरात असतात. तिथे उथळ चर काढून घाला, वर माती ओढा आणि पालाश वेगळं द्या.

खारवलेल्या मासळीचा कचरा असेल तर त्यातलं मीठ विसरू नका. माड थोडं मीठ सोसतो. भाजीपाला, सुपारी, आंब्याची कलमं आणि भाताची रोपं सोसत नाहीत. खारजमिनीत तर असा कचरा मुळीच घालू नये. तीच गोष्ट कोंबड्यांची. बिनमिठाची सुकी मासळी कुटून खाद्यात शेकडा पाचापर्यंत घातली तर अंडी चांगली मिळतात. पण खारी मासळी पिल्लांना मारते, आणि मासळी जास्त झाली तर अंड्याला वास येतो.

पिल्लं ओळखा

आता मघाशी राहिलेली गोष्ट. हा प्रश्न शेतकऱ्यांचा का? कारण खताला किंवा मासळीच्या भुकटीला जी मासळी जाते तिच्यात पिल्लं फार असतात. ताटात बोटभर पिल्लाला गिऱ्हाईक नाही. खताला आहे. म्हणजे त्या पिल्लाचे गिऱ्हाईक कोण? बऱ्याच वेळा आपणच.

तारलीची लांबी दीडपट झाली की वजन तिपटीहून जास्त होतं. दहा सेंटीमीटरची तारली पंधराची होऊ दिली तर तेवढ्याच माशांत तिप्पट मासळी मिळते. शिवाय ती एकदा तरी विते. जन्मल्यापासून साधारण वर्षभरात ती अंडी घालण्याजोगी होते. आपण पोटरीतलं भात कापत नाही, मग पोटरीतली मासळी का उपसावी? केरळात २०१५ साली तारलीला दहा सेंटीमीटरची किमान मर्यादा घातली गेली. आपल्या महाराष्ट्रानेही २०२३ साली ५४ जातींच्या मासळीला पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली.

फूटपट्टी नको. अंगठ्यासकट पंजाची रुंदी साधारण दहा सेंटीमीटर भरते. तारली पंज्यावर आडवी ठेवा. पंज्यात मावली तर ते पिल्लू. अशी मासळी खताला कोणी आणली तर "नको" म्हणा. घेणारा नाही म्हटल्यावर आणणाराही विचार करतो.

दुसरं आपल्या हातातलं काम आहे औषधाचं. पावसाळ्यात मासळीची पिल्लं किनाऱ्याजवळ आणि खाडीच्या तोंडाशी असतात, आणि त्याच दिवसांत आपण फवारण्या करतो. फवारणीचा पंप ओढ्यात धुतला, उरलेलं औषध वहाळात ओतलं, की ते चार तासांत खाडीत जातं. काही कीटकनाशकांचे चार थेंबसुद्धा पिल्लांना पुरतात. पंप शेतातच धुवा, ते पाणी बांधाच्या आत जिरवा, रिकामे डबे वहाळात टाकू नका. पाऊस येणार दिसत असेल तर फवारणी थांबवा. औषधाचे पैसेही वाचतील.

तात्यांच्या वाडीत आता एक खड्डा आहे. गावातल्या मासेवाल्या मावशी रोज संध्याकाळी राहिलेली डोकी-आतडी तिथे आणून टाकतात आणि मोबदल्यात दोन नारळ नेतात. वाडीत वास नाही, शेजारणीची बोलणी नाहीत. आणि तारली स्वस्त झाली की तात्यांच्या मागल्या दारी बांबूची माची उभी राहते.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. चांगली तारली ताटात, जास्तीची खारवून डब्यात, उरलेली घाण कुजवून माडाला.

२. पोट फुटलेली, उन्हात राहिलेली तारली खाऊ नका. तिचं विष शिजवून जात नाही.

३. चार किलोला एक किलो मीठ. वाळूवर नको, माचीवर सुकवा. दोन-तीन महिन्यांत संपवा.

४. सुक्या मासळीवर कीटकनाशक कधीही नको.

५. ताजी मासळी आळ्यात नको. कुजवलेलं खत बुंध्यापासून पाच-सहा फुटांवर, सोबत पालाश.

६. पंज्यात मावणारी तारली म्हणजे पिल्लू. खतालाही घेऊ नका.

७. फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नका.

बंधू-भगिनींनो, शेत पेरतो तो आपण. दर्या कोणी पेरत नाही, तरी तो पिकतो. त्याचं बियाणं तेवढं राखून ठेवू या. रामराम.